चिलमीतला तरोटा

पिपरटोल्याच्या इस्तारीनं आजवर नाटकात भाला धरून उभं राहण्याचंच काम केलं होतं. धान घरात आलं, मंडईची जत्रा भरली, की गावातली हौशी मंडळी नाटक बसवत आणि तळ्यात मासे धरणारा इस्तारी दरबाराच्या डाव्या कोपऱ्यात शिपाई म्हणून उभा राही. राजे बदलले, पडदे बदलले, इस्तारीचा कोपरा बदलला नाही. एकदा त्याला वाक्य मिळालं होतं, "महाराज, शत्रू आला." ते त्यानं शत्रू येऊन गेल्यावर म्हटलं. त्यामुळे यंदा त्याला मुख्य काम मिळालं, हे त्याच्या बायकोनं, गोकुळानं, दोन-चार जणांना विचारून खात्री करून घेतल्यावरच मानलं.

काम गंजेटी बापाचं होतं, म्हणून तर मिळालं. राजा व्हायला, पाटील व्हायला गावात रांग लागते; गंजेटी व्हायला कोण येणार? नाटकाचं नाव 'चिलमीनं जाळलं घर'. ते बसवायचं कारण असं, की जिल्ह्यात अमली पदार्थविरोधी पंधरवडा लागला होता आणि पिपरटोल्यात अमली पदार्थच नव्हते. मोहाची दारू होती, तीही महिला समितीच्या अध्यक्ष रुखमाबाईनं मडकी फोडून फोडून संपवली होती. या बाईच्या चपलांचा आवाज आला तरी भट्टी विझायची. आता तालुक्याहून नवी पत्रकं आली: गांजा कसा ओळखावा, पावडर कशी असते, नशा करणाऱ्याची लक्षणं कोणती, कायदा काय सांगतो. समितीच्या बायांनी ती तोंडपाठ केली आणि सगळं गाव पालथं घातलं. काहीच सापडलं नाही. एवढा अभ्यास करून परीक्षाच नाही म्हटल्यावर कोणीही चिडेल. बायाही चिडल्या होत्या.

इस्तारीनं मात्र भूमिकेचा ध्यास घेतला. डोळे लाल दिसावेत म्हणून तो झोपेनासा झाला. गाल बसावेत म्हणून जेवण अर्ध्यावर आणलं. चिलमीतून नुसता खोटा धूर निघाला तर लोक हसतील, म्हणून त्यानं बांधावरच्या तरोट्याचा, म्हणजे टाकळ्याचा, सुकलेला पाला चुरला, त्यात नारळाची शेंडी आणि चिमूटभर राळ घातली आणि त्याची कागदात पुडी बांधली. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं आहे. ते पुढे दुसऱ्यांनाच मोजावं लागतं, एवढं म्हणीत सांगितलेलं नाही.

आमच्या झाडीपट्टीत नाटक म्हणजे नुसतं नाटक नसतं. गावात नाटक असलं की घरोघरी पाहुणे येतात, वडे तळले जातात, आणि पाहुण्यांच्या नजरा मंचापेक्षा लग्नाच्या पोरींवर जास्त असतात. निम्म्या सोयरिकी नाटकाच्या मंडपात जुळतात. इस्तारीची पोरगी आचल गडचिरोलीला नर्सिंग शिकत होती. तिच्यासाठी कुरखेड्याकडचं मोठं स्थळ सांगून आलं होतं. मुलाचे वडील नानाजी मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष, पक्कं घर, दारात बोलेरो, मुलगा प्रफुल चंद्रपुराला नोकरीला. नानाजी नाटकाला येणार, आचलला पाहणार, घर पाहणार, असं ठरलं होतं. घरधनी मंचावर काय करतोय हे पाहणं त्यात आपोआपच आलं. हे बाकी सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं, एकट्या इस्तारीच्या नाही.

ठाणेदार साहेब प्रमुख पाहुणे होते. जनजागृती झोपलेल्या लोकांना करता येत नाही, म्हणून रात्रभर चालणारं नाटक त्यांनी दुपारी ठेवायला लावलं. उन्हात पडदा उघडला आणि इस्तारीनं जे काही केलं, ते पिपरटोल्यानं कधी पाहिलं नव्हतं. तो चिलीम ओढून खोकला, बायकोचं मंगळसूत्र ओढून पळाला, लेकराच्या पुस्तकांवर पडून रडला. मागच्या बाजूनं शिट्ट्या आल्या. म्हाताऱ्या बाया पदर तोंडात घालून बसल्या. नानाजींनी तर शेजारच्याला विचारलं, "हा नट कोठचा जी? वडशाच्या नाटक कंपनीतला?"

"नाई जी. हा आमचा इस्तारी. आचलचा बाप."

नानाजींनी पुन्हा एकदा मंचाकडे निरखून पाहिलं. मग म्हणाले, "हे नाटक नोहे. हे सवय होय."

तेवढ्यात राळेचा धूर पहिल्या रांगेत पोचला. रुखमाबाईनं नाक वर करून वास घेतला. पत्रकात 'उग्र, जळकट वास' असं लिहिलं होतं. त्या उठल्या, चार बाया उठल्या, आणि तिसऱ्या अंकाच्या मध्यावर महिला समिती मंचावर चढली. चिलीम जप्त झाली. कमरेची पुडी जप्त झाली. ठाणेदार साहेबांना खाली बसून राहता येईना. तेही वर आले. लोकांना वाटलं, यंदा मंडळींनी खर्च करून खरेखुरे पोलीस आणले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

आणि इथेच इस्तारीनं ती चूक केली, जी झाडीपट्टीबाहेरचा माणूस करूच शकत नाही. आमच्याकडे ऐन प्रयोगात प्रवेश वाढवायची रीत आहे. दिग्दर्शकाला सुचलं की तो आतून नट ढकलतो आणि समोरच्यानं सांभाळून घ्यायचं असतं. शिपाई म्हणून उभ्या उभ्या इस्तारीनं हे शेकडो वेळा पाहिलं होतं. त्याला वाटलं, आपलं काम रंगलं म्हणून प्रवेश वाढवला.

ठाणेदारांनी पुडी वर धरून विचारलं, "काय रे, गांजा ओढतोस?"

इस्तारीनं छाती पुढे काढली. "ओढतो. रोज ओढतो. तुमच्या बापाच्या पैशानं नाई ओढत."

"कोणाकडून आणतोस?"

"सारं जंगल माझंच आहे. कोणाकडून आणाले कायले लागते?"

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. ठाणेदारांनी खिशातून पेन काढलं. पंचनाम्याला पंच शोधायची गरजच नव्हती. सगळं गाव समोर बसलं होतं. इस्तारीनं सही केली ती सुद्धा भूमिकेत, हात थरथरवत. पडदा पडल्यावर त्यानं साहेबांना विचारलं, "कसं झालं जी?" तेव्हा साहेबांनी त्याला सकाळी ठाण्यात यायला सांगितलं.

ठाण्यात इस्तारी आपल्या साध्या कपड्यांत गेला आणि साध्या आवाजात म्हणाला, "साहेब, मी कधीच गांजा नाई ओढला. ते नाटक होतं. पुडीत तरोटा आहे."

"ते प्रयोगशाळा ठरवेल."

"कधी ठरवन जी?"

"प्रयोगशाळेला कधी असं विचारायचं नसतं." ठाणेदार मनानं वाईट नव्हते. त्यांनी चहा मागवला आणि समजावून सांगितलं. "हे बघ, दोनच वाटा आहेत. तू नशा करतोस म्हणालास, तर कायद्यात सोय आहे. माल थोडा असला आणि माणूस स्वतःहून उपचाराला गेला, तर खटल्यातून सुटू शकतो. आता तू नशा करत नाही म्हणतोस. मग माल कोणासाठी बाळगलास? स्वतः न ओढता जवळ ठेवतो, त्याला आम्ही विकणारा म्हणतो. विकणाऱ्याला सोय नाही."

"पण तो मालच नोहे न जी."

"म्हणजे नकली माल विकून लोकांना फसवतोस? ते कलम वेगळं."

इस्तारीनं चहा पिऊन टाकला. निर्दोष राहिलं तर तुरुंग आणि दोषी झालं तर सुटका, हे गणित त्याच्या बापजन्मात कोणी मांडलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं झालं होतं.

गावात तर बोलायची सोयच राहिली नाही. पत्रकात पहिलंच लक्षण होतं: 'नशा करणारी व्यक्ती नशा करत असल्याचे नाकारते.' इस्तारी नाही म्हणाला की बाया एकमेकींकडे पाहून मान हलवत. तो चिडला की म्हणत, दुसरं लक्षण, चिडचिड. तो गप्प बसला की तिसरं, एकलकोंडेपणा. भल्या पहाटे थंडीत जाळं टाकून आला की डोळे लाल असायचे, ते चौथं. जुनं जाळं त्यानं विकायला काढलं, तेव्हा रुखमाबाई स्वतः दारात आल्या. "घरातल्या वस्तू विकून राह्यला काय, इस्तारी?" त्यांच्या आवाजात खरी कळकळ होती, आणि त्याचाच इस्तारीला जास्त राग आला.

पण खरा घाव गोकुळानं घातला. एके दुपारी तो तळ्यावरून आला तर ती त्याचा सदरा नाकाशी धरून उभी होती. इतकी वर्षं संसार केलेली बायको. त्याला पाहून तिनं सदरा खाली ठेवला आणि हळूच म्हणाली, "आचलचे बाबा, मले तरी खरं सांगा. मी कोणाले नाई सांगत."

इस्तारीला हसायचं होतं, पण जमलं नाही. तो काहीच बोलला नाही. गोकुळानं ते गप्प बसणंही मोजलं असणार.

त्याच आठवड्यात नानाजींचा निरोप आला. पोरगी पसंत आहे, घर पसंत आहे, पण आमच्या घराण्यात आजवर कोणी सुपारीच्या वर गेला नाही. व्याही गंजेटी चालणार नाही. मात्र त्यानं केंद्रात राहून रीतसर सुटका करून घेतली आणि चारचौघांत शपथ घेतली, तर आम्ही मोठ्या मनानं पुढे जाऊ. लग्न याच हंगामात उरकायचं. गोकुळानं हे सांगताना त्याच्याकडे नुसतं पाहिलं. एवढं मोठं स्थळ. इस्तारीनं पिशवी भरली.

नशामुक्ती केंद्र तालुक्याच्या गावाबाहेर एका जुन्या धानाच्या गोदामात होतं. खाटा ओळीनं लावलेल्या, भिंतींवर घोषवाक्यं, आणि कोपऱ्यात अजून कोंड्याचा वास. तिथल्या समुपदेशक स्वाती मॅडम चंद्रपूरच्या, तरुण, मनापासून काम करणाऱ्या. त्यांनी इस्तारीचं मनापासून स्वागत केलं आणि मनापासूनच त्याच्यावर संशय घ्यायला सुरुवात केली.

"इस्तारीभाऊ, तुम्हाला झोप कशी लागते?"

"भल्ली लागते, मॅडम. घरी जाळं टाकाले उठावं लागते, इथी नाई."

"भूक?"

"दोनदा वाढून घेतो."

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. नशा सुटताना माणूस तळमळतो, घामाघूम होतो, हातपाय ताठतात. हा घोरतो. याचा अर्थ उघड होता: याला आत माल मिळतोय. त्याच्या उशीची झडती घेतली. त्यात गोकुळानं बांधून दिलेली सुकट सापडली. ती जप्त झाली. नानाजींना तारीख हवी होती आणि मॅडम लक्षणं दिसल्याशिवाय सुटका लिहायला तयार नव्हत्या. आता बरं व्हायचं तर आधी आजारी पडणं भाग होतं.

इस्तारी नट होता. त्यानं शेजारच्या खाटेकडे पाहायला सुरुवात केली.

त्या खाटेवर बिरजू नावाचा पंचविशीचा पोरगा होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. तो पावडर घ्यायचा. त्याचं नाक वाहायचं, अंग दुखून तो खाटेच्या पाट्या आवळून धरायचा, पाय आपोआप झटकायचे. इस्तारीनं ते सगळं नीट टिपलं आणि दुसऱ्या दिवशी मॅडम फेरीवर आल्या तेव्हा पांघरुणात तसंच करून दाखवलं. मॅडमच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. "आता उपचार लागू पडतोय, भाऊ." त्या पुढे गेल्यावर शेजारच्या खाटेवरून हसण्याचा आवाज आला. बिरजू पहिल्यांदाच हसत होता.

"काका, पाय असे नाई झटकत. आतून कोणी दोरी ओढल्यावानी वाटते. आन् तुम्ही दात खाऊन राह्यले ते जास्त होते."

"मंग तू दाखव."

बिरजूनं दाखवलं. दोघांची तालीम सुरू झाली. इस्तारीनं त्याला तरोट्याची सगळी कहाणी सांगितली. या साऱ्या प्रकरणात त्याच्यावर लगेच विश्वास ठेवणारा हा पहिला माणूस. "मी खरा गर्दुल्ला आहो न काका," तो म्हणाला, "मले खोटा ओळखू येते."

मग एका दुपारी तालीम थांबली. बिरजूला ओकाऱ्या लागल्या, अंग असं आवळलं की खाट सरकली. तो आईला हाका मारू लागला, आणि मग हाका सोडून नुसतं गुरासारखं ओरडू लागला. मॅडम डॉक्टरला बोलवायला धावल्या. इस्तारीनं त्याचे पाय मांडीवर घेतले आणि दोन्ही हातांनी दाबून धरले. त्याला आपलं नाटक आठवलं. मंगळसूत्र ओढताना आलेल्या शिट्ट्या आठवल्या. आपण याचं सोंग घेऊन टाळ्या घेतल्या, याची त्याला इतकी लाज वाटली की पोराचं अंग सैल पडल्यावरही त्यानं बराच वेळ पाय सोडले नाहीत.

"काका," बिरजू शुद्धीवर येऊन म्हणाला, "मी इथून एवढ्यात गेलो त घरी नाई जाणार. सरळ तिथीच जाईन. मले मालूम आहे."

"मंग कायले जातो? राह्य."

"बाप नेऊन राह्यला. लगन करून देऊन राह्यला माह्यं. म्हणते, लगन झालं का पोट्टे सुधरते."

भेटीच्या दिवशी दारात बोलेरो थांबली आणि नानाजी उतरले. इस्तारी खाटेवर उठून बसला. होणारा व्याही भेटायला आला म्हणजे मोठीच गोष्ट. नानाजी डबा घेऊन आत आले, ओळीत दोन पावलं चालले, आणि इस्तारीला पाहून जागीच थिजले. बिरजूनं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. नानाजींनी एकदा त्या पाठीकडे पाहिलं, एकदा इस्तारीकडे, आणि मग घसा खाकरून इस्तारीच्या खाटेवर बसले.

"म्हटलं, व्याह्याले पाहून यावं. कसं काय?"

"बरं आहे जी."

"नशा लय वाईट, इस्तारीभाऊ. घराण्याचं नाव जाते. बापानं तरी भान ठेवावं." हे ते शेजारच्या पाठीकडे पाहून बोलत होते. "लोकाले काय तोंड दाखवावं बापानं?" त्यांचा आवाज मध्येच फाटला. मग त्यांनी डबा इस्तारीच्या हातात कोंबला. "घ्या. तुमच्यासाठीच आणला." आणि कोणी काही विचारायच्या आत ते निघून गेले.

डब्यात झिंग्याचं कालवण आणि तांदळाच्या पिठाच्या रोट्या होत्या. इस्तारीनं त्यातलं अर्धं पोराच्या ताटात वाढलं. बिरजूनं पहिला घास तोंडात घातला आणि चावायचा थांबला. त्याच्या डोळ्यांतून पाणी ताटात पडू लागलं.

"काय झालं रे?"

"माह्या मायच्या हातचं आहे, काका."

इस्तारीचा हात तसाच हवेत राहिला. बोलेरो, हंगामात उरकायचं लग्न, चंद्रपूरची नोकरी. "तू प्रफुल होय," तो शेवटी म्हणाला.

पोरानं मान हलवली. गावात सगळ्यांना त्याचं नोकरीचं ट्रेनिंग नागपूरला आहे असं सांगितलं होतं. रजिस्टरात बिरजू हे नाव बापानंच लिहिलं होतं. आणि आपलं लग्न कोणाशी ठरतंय हे त्याला धड सांगितलेलंही नव्हतं. "काका, कोणाले सांगजा नोका," तो एवढंच म्हणाला. "बाप फाशी घेईन." इस्तारीनं शब्द दिला. दिला आणि मग त्याला कळलं, की आपण काय देऊन बसलो.

संध्याकाळी त्यानं मॅडमचा फोन मागून आचलला लावला. थोडं इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "बाई, नवरा आजारी असला त तुले चालन का?"

"कोणता आजार, बाबा?"

"असाच. बरा होऊन राह्यला."

आचल म्हणाली, "आजारी असला त चालन. मी रोज आजारी माणसंच पाह्यते. पण लपवून लगन केलं त नाई चालणार. लपवला का तो आजार बराच होत नाई." मग तिनं आवाज खाली आणला. "बाबा, तुम्ही सोताबद्दल बोलून राह्यले काय? मी नाई रागावणार."

पोरगीसुद्धा. इस्तारीनं "हाव, तसंच समज," म्हणून फोन ठेवला.

समारोप केंद्राच्या अंगणात झाला. शामियाना लागला, ठाणेदार आले, रुखमाबाई पिपरटोल्याच्या बाया आणि गोकुळाला टेम्पोत घालून आल्या. पहिल्या रांगेत नानाजी पांढरे कपडे घालून, मांडीवर झेंडूचा हार घेऊन बसले होते. इस्तारी शपथ घेणार, नानाजी हार घालणार, आणि तिथेच लग्नाची तारीख सांगणार. कार्यक्रम संपला की गर्दीत एक पोरगा बोलेरोत बसणार आणि कोणाला कळणार नाही. सगळं चोख ठरलं होतं. मागच्या ओळीत प्रफुल मान खाली घालून बसला होता. त्याची पिशवी त्याच्या पायाशी भरलेली होती.

स्वाती मॅडमनी माईक हातात दिला. "इस्तारीभाऊ, तुमची कहाणी तुमच्या शब्दांत सांगा."

इस्तारीनं समोर पाहिलं. बोललो तर पोराला दिलेला शब्द मोडतो. नाही बोललो तर आपली पोरगी खड्ड्यात, आणि हा पोरगा तिच्याआधी. रात्रंदिवस त्यानं एखादं खोटं शोधलं होतं, ज्यानं दोघं वाचतील. एकही सुचलं नव्हतं. माईक हातात आल्यावर त्याला कळलं, की खोट्याची गरजच नाही. या लोकांसाठी खरं पुरे होतं.

"मायबाप हो," तो म्हणाला, "मी आयुष्यात कधीच गांजा ओढला नाई."

अंगणातल्या सगळ्या माना वर झाल्या.

"त्या चिलमीत तरोटा होता. माह्याकडे सुटाले काही नाई, म्हणून मी सुटलो पण नाई. मी शपथ घेत नाई."

स्वाती मॅडमनी डोळे मिटले. एवढ्या मेहनतीवर पाणी पडलं होतं. रुखमाबाई शेजारणीला म्हणाल्या, "पहिलं लक्षण. परत पहिल्यावर आला बिचारा." ठाणेदारांनी पेन काढलं, थोडा विचार केला आणि परत खिशात ठेवलं. "उपचार वाढवा," ते मॅडमना म्हणाले. "तोवर मी काही लिहीत नाही."

नानाजी उठले. चेहरा लाल झाला होता. "नाकारून राह्यला. सारे सांगून थकले तरी नाकारून राह्यला. असा व्याही मले नाई पाह्यजे. सोयरीक मोडली." त्यांनी हार खुर्चीवर टाकला.

इस्तारीनं मान खाली घातली, कारण त्याला हसू येत होतं आणि रडूही. गोकुळानं पदर तोंडाला लावला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात; इथे संन्याशानं स्वतःच दोर मागून घेतला होता, आणि हे त्या गर्दीत एकाच माणसाला ठाऊक होतं.

तो माणूस मागच्या ओळीतून उभा राहिला. "मॅडम," प्रफुल म्हणाला, "मले पण आजून राहाचं आहे. मी पण बरा नाई झालो."

नानाजींनी वळून पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं. पण प्रफुल म्हणून हाक मारली तर सगळ्यांना कळणार, आणि बिरजू म्हणून हाक मारायला ते त्याचे कोणी नव्हते. लग्न मोडलं होतं, आता घाई कशाची, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं असावं. त्यांचं तोंड हळूहळू मिटलं. बोलेरोकडे जाताना ते दोनदा थांबले आणि मागे न बघता गेले.

टेम्पो निघाला तेव्हा गोकुळा चढली नाही. ती गोदामात इस्तारीच्या खाटेशी आली, आणि तिनं डबा खाली ठेवला.

"आचलचे बाबा, तुम्ही तिथी खरं बोलले न?"

"हाव."

"घरी पण हेच सांगत होते."

"हाव."

"एवढं मोठं स्थळ होतं. तुम्हाले मालूम होतं, कोणी खरं मानणार नाई. मंग काऊन बोलले?"

इस्तारीनं पोराला शब्द दिला होता. त्यानं नुसतं शेजारच्या खाटेकडे पाहिलं. तिथे पोरगा भरलेली पिशवी उघडून एकेक कपडा परत उशाशी ठेवत होता. गोकुळानंही पाहिलं. दाढी वाढली तरी नाक नानाजींचंच होतं. बायकांना अशा गोष्टी शिकवायला पत्रक लागत नाही. तिचे डोळे भरून आले. ती नवऱ्याकडे वळली, त्याच्या सदऱ्याची कॉलर नीट केली आणि म्हणाली, "माह्यं चुकलं."

मग तिनं डबा उघडला. इस्तारीसाठी तळलेला मरळ आणला होता. तिनं दोन ताटल्या मांडल्या आणि मोठा तुकडा पोराच्या ताटलीत टाकला.

"काटे पाहून खाजो, बाबू," ती म्हणाली.

इस्तारीनं आपला लहान तुकडा उचलला. पार शेपटीकडचा होता तो, पण इतका गोड मासा त्यानं कित्येक दिवसांत खाल्ला नव्हता.